जांभळं दुसऱ्याच दिवशी का सडतात? खरेदी, साठवण आणि सरबताच्या नेहमीच्या तक्रारी, त्यांची कारणं आणि उपाय

खानदेशात जांभळाचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. रोहिणीत पहिली फळं दिसू लागतात, मिरगाच्या पावसानंतर बाजार भरतो आणि जुलै लागला की लोटगाड्या दुसऱ्या फळाकडे वळतात. एवढ्या दिवसांत तक्रार मात्र घरोघरी एकच: सकाळी किलोभर आणली, संध्याकाळी पिशवीच्या तळाशी जांभळं पाणी, दुसऱ्या दिवशी आंबूस वास, तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी.

दोष फ्रीजला दिला जातो. पण बहुतेक वेळा फळ फ्रीजपर्यंत पोहोचण्याआधीच बिघडलेलं असतं. जांभळाची साल अतिशय पातळ, आत गराचा मोठा भाग पाणीच. झाड उंच, त्यामुळे फांद्या हलवून किंवा काठीने झोडपून फळं खाली पाडली जातात. आठ-दहा मीटरवरून पडलेलं फळ आतून पिचतं, पण काळ्या रंगावर तो मार दिसत नाही. पेरूवर डाग दिसतो, केळीवर दिसतो, जांभळावर नाही. म्हणून खाली जे उपाय दिले आहेत त्यांतले निम्मे खरेदीच्या आणि घरी येण्याच्या वेळेचे आहेत.

विकत घेतानाच चुकतं कुठे

सगळ्यात आधी हे पक्कं धरावं की जांभूळ तोडल्यावर पिकत नाही. आंबा अढीत पिकतो, केळी वखारीत पिकते, जांभळाचं तसं नाही. देठाकडे लालसर छटा असलेलं फळ घरी दोन दिवस ठेवलं तर रंग थोडा गडद होईल, गोडी वाढणार नाही. लांबून येणाऱ्या मालात अशी लालसर फळं जास्त असतात, कारण ती प्रवासात टिकतात. दिसायला टणक आणि चमकदार, खायला आंबट-तुरट. संपूर्ण काळपट जांभळं, देठापाशीही तोच रंग, बोटाने हलकं दाबल्यावर थोडं दबून परत येणारं फळ घ्यावं.

दुसरं, पाटीच्या वरच्या थराकडे बघून भाव ठरवू नका. विक्रेत्याला विचारून पाटीच्या कडेने खालची चार फळं वर काढा. तळाचं फडकं किंवा पानं रसाने भिजली असतील तर तो माल आदल्या दिवसाचा आहे किंवा उन्हात उभा होता. वास घ्या. ताज्या जांभळाला फारसा वास नसतो. ताडीसारखा आंबूस वास येत असेल तर आत आंबायला सुरुवात झाली आहे, मग स्वस्त मिळालं तरी नको.

तिसरी गोष्ट पाण्याची. दुपारच्या उन्हात फळ सुरकुतू नये, चमकत राहावं म्हणून गाडीवर पाणी मारलं जातं. विक्रेत्याची अडचण समजण्यासारखी आहे, पण ओलं जांभूळ घरी टिकत नाही. सकाळी नऊच्या आत घेतलं तर पाणी मारलेलं नसतं. सातपुड्याच्या पायथ्याला, तळोदा-शहादा-चोपडा-यावल पट्ट्यात, गावाकडच्या बायका पळसाच्या पानांवर वाटे लावून बसतात. तो माल बहुधा त्याच पहाटेचा असतो. फळ लहान, बी मोठी, पण चव अव्वल. मोठी कलमी जांभळं गराला आणि सरबताला परवडतात. पालघरच्या बहाडोलीची जांभळं त्यासाठीच नावाजलेली आहेत, त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. नुसती खायला मात्र डोंगरातलं लहान फळच घ्यावं असं आमचं मत.

पाऊस पडून गेल्यावर लगेच तोडलेला माल टाळा. कोरड्यानंतर एकदम पाणी मिळालं की फळ फुगतं आणि साल तडकते. त्या चिरेतून आधी रस आणि मग बुरशी. पहिल्या मोठ्या पावसानंतर एक दिवस थांबून घेतलेलं बरं. थोडं पाणचट लागेल, फुटकं तरी नसेल.

घरी येईपर्यंत

पातळ प्लॅस्टिकची पिशवी, ती दुचाकीच्या हँडलला टांगलेली आणि रस्त्यात आणखी दोन कामं. जांभळांसाठी याहून वाईट काही नाही. पिशवीत फळं एकमेकांवर चेपतात, खड्ड्यागणिक आपटतात आणि आत वाफ धरते. सीटखालच्या डिकीत तर उन्हाळ्यात हात ठेववत नाही. घरून पसरट स्टीलचा डबा आणि एक सुती फडकं न्यावं. किलोभर जांभळांना तळ रुंद असलेला डबा लागतो, थर दोनाच्या वर जाऊ नयेत. वर्तमानपत्राचा कागद नको, शाई ओल्या फळाला लागते. इतर बाजार आधी, जांभळं शेवटी.

घरी आल्यावर पहिलं काम निवडण्याचं. हे संध्याकाळवर ढकललं की पुढचं सगळं बिघडतं. मोठ्या परातीत पसरून तीन वाटे करा:

- साल अखंड, कोरडी, टणक: ही साठवायची.
- दबलेली पण न फुटलेली: ही त्याच दिवशी खायची.
- फुटलेली, रस सुटलेली: आंबूस नसतील तर धुऊन लगेच गर काढायचा. वास येत असेल किंवा बुरशी दिसत असेल तर टाकायची.

एक फुटलेलं जांभूळ डब्यात राहिलं तर त्याचा गोड रस शेजारच्या दहांना लागतो आणि बुरशीला तेवढंच पुरतं.

फ्रीजमध्ये ठेवायला अजून वेळ लागणार असेल तर मधले तास कसे काढायचे हे महिन्यावर ठरतं. मेच्या शेवटी हवा कोरडी असते. तेव्हा परात कूलरच्या समोर चार-पाच फुटांवर ठेवली तर चालते, हवा थंड असते आणि तिच्यात ओलावाही असतो, त्यामुळे फळ सुकत नाही. माठाच्या शेजारी, ओलं फडकं परातीवर पण फळाला न टेकता अंथरलं तरी फरक पडतो. मिरग सुरू झाला की हे दोन्ही उपाय बंद करा. हवेतच दमटपणा असल्याने पाणी उडत नाही, थंडावा मिळत नाही आणि फळाला फक्त ओल लागते. मेमध्ये चाललेली युक्ती जूनच्या मध्यावर फसते ती याच कारणाने. पावसाळी हवेत साधा पंखा बरा.

फ्रीजमध्ये ठेवूनही बुरशी येते

बाहेर जांभळं एक-दोन दिवसांच्या वर टिकत नाहीत. व्यापारी साठवणीत ८ ते १० अंश सेल्सिअस आणि ८५ ते ९० टक्के आर्द्रता राखून, भोकं पाडलेल्या पॉलिथिनमध्ये ती तीन आठवड्यांपर्यंत ठेवता येतात. घरच्या फ्रीजमध्ये तेवढं जमत नाही, पण नीट निवडलेली फळं पाच-सहा दिवस सहज राहतात. जागा भाजीच्या कप्प्याची. तो वरच्या कप्प्यांपेक्षा थोडा उबदार आणि दमट असतो, जांभळाला तेच हवं असतं. दारातली जागा वाईट, दर उघडझापीला तिथलं तापमान वर-खाली होतं.

पद्धत अशी. साठवायची जांभळं धुवायची नाहीत. माती असेल तर कोरड्या फडक्याने हळू पुसा. डब्याच्या तळाशी सुती फडक्याचा तुकडा किंवा टिश्यू, त्यावर फळांचा एक थर, फार तर दोन. झाकण पूर्ण बंद करू नका. हवाबंद डब्यात फळाच्या श्वासाने पाणी साचतं, उघड्या वाटीत फळ सुरकुततं. झाकणाला सात-आठ छिद्रं असलेला जुना डबा यासाठी राखून ठेवला तर उत्तम. एक दिवसाआड डबा उघडून ओलं झालेलं फडकं बदला आणि नरम पडलेलं फळ काढून घ्या.

एवढं करूनही बुरशी येत असेल तर दोन शक्यता तपासा. पहिली, वीज. लोडशेडिंगमध्ये तीन-चार तास फ्रीज बंद राहिला आणि परत सुरू झाला की डब्यात आतून दव धरतं. वीज आल्यावर डबा काढून झाकण आणि फळं पुसावी लागतात, त्याला पर्याय नाही. दुसरी, डबा टेबलावर काढून खाणं आणि उरलेलं परत आत ठेवणं. थंड फळ बाहेरच्या दमट हवेत आलं की त्याला पाणी सुटतं. खायची तेवढीच वाटीत काढा, डबा लगेच आत.

धुऊनच ठेवायचा आग्रह असेल तर १ वाटी पांढरं व्हिनेगर आणि ३ वाट्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवा, साध्या पाण्यातून काढा आणि पंख्याखाली अर्धा-पाऊण तास पूर्ण कोरडी करा. बुरशीचे बीजाणू कमी होतात. पण कोरडी करण्यात आळस झाला तर न धुतलेली बरी म्हणायची वेळ येते.

हंगामानंतरही हवी असतील तर गोठवा. धुऊन, पूर्ण सुकवून, ताटात एकमेकांना न लागता मांडून फ्रीझरमध्ये चार तास, मग पिशवीत भरून हवा काढून बंद. थेट पिशवीत भरली तर एकच ढेकूळ होतं. उणे १८ अंशाला सहा-आठ महिने चांगली राहतात. गोठवलेलं जांभूळ विरघळल्यावर लिबलिबीत होणारच, ते सरबताचं, नुसतं खायचं नाही.

घसा धरतो, जीभ जड होते

तुरटपणा सालीतल्या आणि गरातल्या टॅनिनमुळे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, त्यामुळे तोंड कोरडं आणि खरखरीत वाटतं. कच्च्या फळात ते जास्त. त्यामुळे पहिला उपाय पुन्हा निवडीचाच, लालसर फळं बाजूला काढणं.

दुसरा मिठाचा. पाव किलो धुतलेल्या जांभळांना अर्धा चमचा मीठ, खडं मीठ जाडसर कुटलेलं असेल तर छान. झाकणाच्या भांड्यात घालून दहा-बारा वेळा हलवा, सालीला बारीक ओरखडे पडले पाहिजेत. पंधरा-वीस मिनिटं ठेवा. थोडा रस सुटतो, मीठ आत जातं, तुरट-कडू चव दबते आणि गोडी वर येते. तिखट-मीठ लावणारे लावोत, पण तिखट आधी लावलं तर जांभळाची स्वतःची चव कळतच नाही. मीठ लावलेली फळं ठेवायची नसतात, तासाभरात संपवायची.

आणखी एक कारण सहसा लक्षात येत नाही. फ्रीजमधून काढून लगेच खाल्लं तर गोडी कमी आणि तुरटपणा जास्त जाणवतो. वीस मिनिटं आधी बाहेर काढा.

आणि प्रमाण. रिकाम्या पोटी अर्धा किलो खाऊन घसा धरला तर तो जांभळाचा दोष नाही.

आत अळी निघाली

जांभळाला फळमाशी लागते. मादी पिकत्या फळाच्या सालीत टोचून आत अंडी घालते, अळ्या गर खातात. बाहेर टाचणीच्या टोकाएवढा डाग, तोही काळ्या सालीवर दिसत नाही. हंगाम संपत येतो तसं प्रमाण वाढतं, जमिनीवरून वेचलेल्या फळात अधिकच.

१ लिटर पाण्यात २ मोठे चमचे मीठ विरघळवून जांभळं अर्धा तास बुडवून ठेवा. अळ्या असतील तर बऱ्याचशा बाहेर येतात. वर तरंगणारी फळं वेगळी काढून फोडून बघा. मग साध्या पाण्यातून काढा. सगळ्या येतीलच अशी खात्री नाही, म्हणून लहान मुलांना देताना फळ मधोमध उघडून दिलेलं बरं. चुकून एखादी पोटात गेली तरी घाबरण्यासारखं काही नाही.

अंगणात किंवा बांधावर झाड असलेल्यांनी खरा उपाय झाडाखाली करायचा. अळी फळातून निघून मातीत कोष करते आणि त्यातून पुढची माशी उठते. पडलेली फळं रोज गोळा करून दोन फूट खोल पुरा किंवा काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा. उकिरड्यावर टाकली तर काही उपयोग नाही. मिथाइल युजेनॉलचा (नर फळमाशीला ओढणाऱ्या वासाचा) सापळा फळं रंग धरू लागण्याआधी टांगावा. त्यात फक्त नर अडकतात, त्यामुळे एकट्या झाडाला एका सापळ्याने माशी पूर्ण जाणार नाही, शेजाऱ्यांनीही लावले तर परिणाम दिसतो. फळ तोंडावर आल्यावर कीटकनाशक फवारू नये. पातळ सालीचं, न सोलता खायचं फळ आहे हे.

सरबत काळपट होतं, तळाशी जेली बसते, बाटली फसफसते

काळपट रंगाचा दोषी बहुधा भांडं. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की शाईसारखा काळा-निळा रंग तयार होतो. लोखंडी कढई, लोखंडी विळी, कल्हई उडालेलं पितळ, ॲल्युमिनियमचं पातेलं हे सगळं बाजूला. स्टील, काच किंवा चिनीमाती.

दुसरं कारण आच. फळं कुस्करून मंद आचेवर ढवळत साधारण ७० अंशांपर्यंत, म्हणजे कडेला वाफ दिसू लागेल पण उकळी फुटणार नाही इतपत, गरम करा. सालीतला रंग रसात उतरतो. पुढे खळखळ उकळत ठेवलं तर रंग तपकिरी होतो आणि तुरटपणाही उतरतो. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवू नका, बी फुटली की सगळं कडवट. हाताने किंवा रवीने घोटून चाळणीवर दाबून गाळा.

१ लिटर गाळलेल्या रसाला सव्वा किलो साखर, १ लिटर पाणी आणि १५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड. साखर, पाणी आणि ॲसिड उकळून पाक गाळा, पूर्ण निवू द्या, मग रस मिसळा. जांभळाच्या रंगाला आंबट मानवतं, त्यात तो लालसर आणि उजळ राहतो. खाण्याचा सोडा लागला की निळसर-मळकट. पाक गरम असताना रस घालून पुन्हा उकळणारे जेलीची तक्रार करतात. फळात पेक्टिन आहे, साखर आणि आंबटाबरोबर जास्त उकळलं की ते गोठतं. जेलीच करायची असेल तर गोष्ट वेगळी.

फसफस म्हणजे आंबणं. बाटल्या काचेच्या, उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवलेल्या हव्यात. वर्षभर टिकवायचं तर १ किलो तयार सरबताला अर्धा ग्रॅम सोडियम बेंझोएट, वजनकाट्यावर मोजून, दोन चमचे कोमट पाण्यात विरघळवून. चमच्याच्या अंदाजाने घालू नका. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट इथे वापरू नये. लिंबाच्या सरबताला ते चालतं, जांभळाचा रंग मात्र उडवून टाकतं. परिरक्षक नको असेल तर रस बर्फाच्या साच्यात गोठवा, दोन खडे आणि एक ग्लास पाणी.

डाग

साबण आधी लावायचा नाही. धुण्याच्या साबणात आणि सोड्यात क्षार असतो, त्याने डाग निळा पडतो आणि बसतो. सुती कापड असेल तर डागाचा भाग पातेल्यावर ताणून धरा आणि हातभर उंचीवरून उकळतं पाणी ओता. मग लिंबू किंवा व्हिनेगर चोळून दहा मिनिटं, साधं पाणी, शेवटी साबण. रेशीम-लोकरीला उकळतं पाणी नको, गार पाणी आणि व्हिनेगरवर भागवा. आदल्या दिवसाचा डाग एका धुण्यात जात नाही.

ब्लॅकबेरीची पाककृती जांभळावर फसली

दिसायला दोन्ही काळी, पण फळं निराळी. ब्लॅकबेरी म्हणजे लहान लहान मण्यांचा घोस, बारीक बियांसकट खायचा. थंड हवेतलं पीक, आपल्याकडच्या ४४-४५ अंशांत त्याची अपेक्षा करू नये. पाककृतीत पाव किलो ब्लॅकबेरी असतील तर जांभळाचा पाव किलो गर घ्या, त्यासाठी साडेतीनशे ते चारशे ग्रॅम फळ लागतं, डोंगरी जांभळं असतील तर अजून जास्त. साखर थोडी वाढवा, तुरटपणा भरून निघतो.

मोठ्या शहरातून ताज्या ब्लॅकबेरीची डबी आणलीच तर डबी उलटी करून तळाचा कागद बघा. तो रंगला असेल तर नको. घरी फ्रीजच्या सर्वांत थंड कप्प्यात, न धुता, दोन-तीन दिवस. काळे मणी मध्येच लाल झाले तर ते सडणं नसतं, तोडणीनंतरच्या थंडीने आणि हाताळणीने तसं होतं, खायला चालतं. गोठवलेली पिशवी घेताना हलवून पाहा. आतले दाणे सुटे खुळखुळले पाहिजेत. एकसंध दगड असेल तर वाटेत कुठेतरी उन्हात ती विरघळून पुन्हा गोठली आहे.

बियांना बुरशी

भुकटीसाठी बिया ठेवणाऱ्यांची ही तक्रार. गराचा अंश राहतो आणि त्यात ढगाळ हवा. चोळून दोन-तीन पाण्यांनी धुवा, मलमलीवर चार-पाच कडक उन्हं द्या, वरचं ठिसूळ टरफल काढा, आतली हिरवट डाळ फोडून पुन्हा दोन-तीन दिवस वाळवा, मगच दळा. हे मेच्या उन्हात जमतं. जूनच्या बियांना ऊन मिळेलच असं नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर ही भुकटी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि गोळीच्या जागी तर नाहीच.

लावण्यासाठी बिया हव्या असतील तर वाळवून डब्यात ठेवलेल्या उगवत नाहीत. फळ खाल्ल्यापासून दहा-पंधरा दिवसांच्या आत, ओल्या असतानाच पिशवीत दीड-दोन सेंटिमीटर खोल टोचायच्या. एका बीतून कधी दोन-तीन कोंब येतात, त्यातला जोमदार ठेवून बाकीचे खुडायचे.